ओझं कोणाच्या खांद्यावर? : कॅमेऱ्याच्या पट्ट्याचा इतिहास

१८६३ साली सॅम्युअल बोर्न हा इंग्रज फोटोग्राफर सिमल्याहून सतलजच्या वरच्या खोऱ्यात निघाला, तेव्हा त्याच्याबरोबर ३० हमाल होते. सामानात लहानमोठ्या ६५० काचा, रसायनांच्या पेट्या आणि दहा फूट उंचीचा एक तंबू होता. हा तंबू म्हणजे त्याची फिरती डार्करूम. पुढच्या वर्षी काश्मीरला जाताना हमालांची संख्या ४२ झाली. १८६६ साली कुलू-स्पितीमार्गे गंगेच्या उगमाकडे जाताना ती ८०वर गेली. त्याच प्रवासात त्याने साडेअठरा हजार फुटांवरच्या मनिरंग खिंडीत कॅमेरा उभा केला. इतक्या उंचीवर तोवर कुणी फोटो काढले नव्हते, असं फोटोग्राफीच्या इतिहासात आवर्जून सांगितलं जातं. तो कॅमेरा तिथवर कुणाच्या पाठीवरून गेला, हे मात्र अर्ध्या ओळीत उरकलं जातं.

कॅमेऱ्याचा पट्टा ही अगदी किरकोळ वस्तू. कॅमेऱ्याच्या खोक्यात तळाशी, माहितीपुस्तिकेच्या बाजूला गुंडाळून ठेवलेली असते. फोटोग्राफीच्या इतिहासात भिंगांना, फिल्मला, शटरला प्रकरणं मिळाली. पट्ट्याला तळटीपही मिळाली नाही. पण हा पट्टा कधी आला, कुठे बांधला गेला आणि कशाचा बनला, याचा माग काढत गेलं की एक प्रश्न सतत समोर येतो : फोटोचं ओझं कोण वाहतंय? आज दुकानात उभं राहून किंवा मोबाइलवर बोट फिरवत आपण 'आरामदायक' आणि 'टिकाऊ' पट्टा शोधतो, तेव्हाही नकळत याच प्रश्नाचं उत्तर शोधत असतो.

तंबू, काचा आणि काठी

बोर्नच्या काळात कॅमेरा गळ्यात अडकवण्याचा प्रश्नच नव्हता. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या कलोडियनची पद्धत जाहीर केली आणि पुढची दोन-अडीच दशकं तिचं राज्य होतं. या पद्धतीत काचेवर चिकट द्रावण ओतायचं, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि ती सुकायच्या आत, म्हणजे जेमतेम दहा-पंधरा मिनिटांत, तिथेच डेव्हलप करायची. त्यामुळे जिथे फोटो तिथे डार्करूम. मोठं करून छापायची सोय नसल्याने हवा तेवढा मोठा फोटो काढायचा तर तेवढीच मोठी काच आणि तेवढाच मोठा कॅमेरा. तो तिवईवरच उभा राहणार.

१८५५ साली क्रिमियाच्या युद्धावर गेलेला रॉजर फेंटन एका दारूविक्रेत्याची घोडागाडी विकत घेऊन तिचीच डार्करूम करून निघाला. सोबत ५ कॅमेरे, ७०० काचा आणि ३६ पेट्या. आपल्याकडेही चित्र वेगळं नव्हतं. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी एक. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यात आयुष्य घालवलेल्या रॉबर्ट गिलने पुढे लेण्यांचे फोटो काढले आणि १८६४ साली ते जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह पुस्तकरूपाने आले. वाघुर नदीच्या त्या घळीत कॅमेरा, काचा आणि रसायनं घेऊन चढउतार करणं म्हणजे काय, हे अजिंठ्याच्या पायऱ्या चढलेल्या कुणालाही सांगायला नको.

ही सगळी मंडळी ओझं वाहण्यासाठी माणसं किंवा जनावरं लावत. पैसा आणि राजसत्ता पाठीशी असेल तर वजन हा फोटोग्राफरचा प्रश्न उरत नाही; तो हमालाचा प्रश्न होतो. बोर्नने आपल्या प्रवासाची हकिकत लंडनच्या एका फोटोग्राफीच्या नियतकालिकात क्रमशः लिहिली. त्यात तो स्वतःच सांगतो, की काही हमाल ओझी टाकून गावात लपून बसले, तेव्हा आपण हातात काठी घेऊन त्यांना शोधायला गेलो. खिंडींची नावं, उंची, काचांची मापं या हकिकतीत नेमकी आहेत. हमालांचा फक्त आकडा आहे.

गंमत अशी, की ओझ्याचं शास्त्र त्या हमालांना फोटोग्राफरपेक्षा जास्त कळत होतं. नेपाळ-दार्जिलिंगच्या डोंगरात भारी ओझ्यासाठी आजही नाम्लो वापरतात. हा एक रुंद पट्टा असतो. तो कपाळाच्या वर टेकवतात आणि पाठीवरच्या डोक्याचं (टोपलीचं) वजन मणक्यातून सरळ खाली पायांत उतरवतात. आपल्याकडे पाण्याचा हंडा डोक्यावर घेताना खाली चुंबळ ठेवतात, तीही त्याच समजुतीतून. पखाली भरलेली पखाल अडकवायचा तो पट्टा खांद्यावरून तिरपा घेऊन. रुंदी, गादी आणि तिरपेपणा ही आरामाची तीनही सूत्रं ओझं वाहणाऱ्यांना माहीत होती. कॅमेऱ्यापर्यंत पोहोचायला त्यांना आणखी शंभर-सव्वाशे वर्षं लागली.

पहिला गळ्यातला कॅमेरा

१८७१ साली रिचर्ड लीच मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि त्या दशकाच्या अखेरीस अशा काचा वेगवान आणि भरवशाच्या झाल्या. आता काच आधीच तयार करून ठेवता येऊ लागली, तंबूची गरज संपली आणि उजेडासाठी कॅमेरा सेकंदाच्या लहानशा भागापुरता उघडला तरी पुरू लागलं. याचा अर्थ तिवईही सुटली. कॅमेरा हातात आला आणि हात मोकळा ठेवायचा तर तो अंगावर कुठेतरी अडकवणं भाग पडलं.

गळ्यात अडकवण्यासाठीच बनलेला सुरुवातीचा एक कॅमेरा चोरून फोटो काढण्यासाठी होता, ही इतिहासाची खोडी. १८८६ साली बाजारात आलेला स्टर्नचा कॅमेरा म्हणजे धातूची एक चपटी गोल डबी. ती दोरीने गळ्यात अडकवून वेस्टकोटच्या आत ठेवायची आणि भिंग बटणाच्या काजातून बाहेर काढायचं. एका गोल काचेवर सहा फोटो. नॉर्वेतल्या कार्ल स्टॉर्मर या विद्यार्थ्याने १८९०च्या दशकात असा कॅमेरा पोटाशी बांधून आजच्या ऑस्लोच्या हमरस्त्यावर येणाऱ्याजाणाऱ्यांचे फोटो काढले. त्यात नाटककार इब्सेनही सापडला. हाच स्टॉर्मर पुढे ध्रुवीय प्रकाशाचा गणिती म्हणून नावाजला. त्याच्या फोटोंतली माणसं टोपी उचलून हसत नमस्कार करताना दिसतात. समोरच्याच्या कोटात काय दडलंय, हे त्यांच्या गावीही नाही. फोटोग्राफर आणि कॅमेरा यांच्यात पहिल्यांदाच हमाल नव्हता, आणि त्याचा पहिला परिणाम म्हणजे रस्त्यावरच्या माणसाचा सहज चेहरा काचेवर आला.

१८८८ साली जॉर्ज ईस्टमनने पहिला कोडॅक विकायला काढला. किंमत २५ डॉलर. त्यात शंभर फोटोंची फिल्म भरलेली असे आणि सोबत खांद्याला लावायच्या पट्ट्यासह कातडी केस. शंभर फोटो संपले की अख्खा कॅमेरा रोचेस्टरला पाठवायचा. १० डॉलरमध्ये फोटो छापून, नवी फिल्म भरून परत. कोडॅकबद्दल लिहिताना बहुतेक जण बटणाबद्दल आणि फिल्मबद्दल लिहितात. पण तो कातडी पट्टाही तितकाच महत्त्वाचा. फोटो काढणं हे आता सहलीला जाताना खांद्याला अडकवून न्यायचं काम झालं, हे तो पट्टा सांगत होता.

मात्र तो पट्टा कॅमेऱ्याला नव्हता, केसला होता. कॅमेरा बाहेर काढला की तो पुन्हा नुसत्या हातावर. ही छोटीशी विसंगती पुढची चाळीस-पन्नास वर्षं टिकली.

कड्या नसलेला लायका

ऑस्कर बार्नाक हा जर्मनीतल्या लाइट्झ कंपनीतला यंत्रज्ञ. त्याला दम्याचा त्रास होता आणि काचांचा जड कॅमेरा घेऊन डोंगर चढणं त्याला झेपत नसे. सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म वापरून खिशात मावेल असा कॅमेरा त्याने पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर बनवून पाहिला. १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत तो 'लायका' म्हणून लोकांसमोर आला. बोर्नने वजनाचा प्रश्न माणसं वाढवून सोडवला होता, बार्नाकने वजन कमी करून सोडवला. स्वतःचं ओझं स्वतः वाहणाऱ्यालाच असा उपाय सुचतो.

या पहिल्या लायकाला पट्टा अडकवायला जागाच नव्हती. १९३२चा दुसरा लायकाही तसाच. कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना पट्ट्यासाठीच्या कड्या आल्या त्या १९३३च्या तिसऱ्या लायकात. तोवर पट्टा असायचा तो कातडी केसला. कॅमेरा केसमध्ये स्क्रूने घट्ट बसवायचा, पुढचं झाकण खाली लोंबकळत ठेवायचं आणि फोटो काढायचा. पुढे आपल्याकडे घरोघर पोहोचलेल्या कॅमेऱ्यांनाही हीच तपकिरी केस होती. भारतात तयार होणाऱ्या आग्फा क्लिक थ्रीच्या केसचा तो बारीक, करकरीत पट्टा अनेकांना आठवत असेल. तो कॅमेरा इतका हलका होता, की पट्टा बोटभर रुंद असला तरी कुणाची तक्रार नसे.

लायकाच्या दोन कड्यांनी मात्र मोठा बदल केला. केस घरी ठेवता येऊ लागली. कॅमेरा उघडाच छातीवर लटकू लागला आणि डोळ्यापर्यंत जायला त्याला क्षणभरही पुरे झाला. विसाव्या शतकातली रस्त्यावरची, युद्धभूमीवरची, गर्दीतली फोटोग्राफी या तयारीवर उभी आहे. पट्टा तोवर वाहून नेण्याचं साधन होता, आता तो फोटो काढण्याचं साधन झाला.

रोलाय्फ्लेक्समध्ये तर हे आणखी स्पष्ट दिसतं. १९२९ साली आलेला हा दोन भिंगांचा कॅमेरा पोटाशी धरून, वरून काचेत वाकून बघत वापरायचा. पट्टा मानेत घालून कॅमेरा खाली ताणला की मान, पट्टा आणि दोन हात यांचा त्रिकोण तयार होतो आणि कॅमेरा हलत नाही. अंधुक उजेडात तिवईचं निम्मं काम मानेतला पट्टाच करायचा.

याउलट वृत्तपत्रांच्या फोटोग्राफरांचा आवडता स्पीड ग्राफिक. चार बाय पाच इंचांची फिल्म, बाजूला फ्लॅशची नळी, वजन अडीच-तीन किलो. त्याला गळ्यात घालायचा पट्टा नव्हे, तर डाव्या अंगाला हाताचा कातडी पट्टा असे. तळहात त्यात सरकवायचा आणि सगळं वजन एका मनगटावर तोलायचं. होमाय व्यारावाला यांचा साडीतला, हातात स्पीड ग्राफिक घेतलेला फोटो प्रसिद्ध आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमायबाई १९४२ साली दिल्लीला गेल्या. सायकलवरून कॅमेऱ्याचं सामान नेत त्यांनी स्वातंत्र्याच्या आगेमागची दिल्ली टिपली. १९७० साली त्यांनी कॅमेरा खाली ठेवला आणि २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. स्पीड ग्राफिक आणि रोलाय्फ्लेक्स हे दोन्ही त्यांनी वापरले. त्यांच्या कामाबद्दल बोलताना नेहरू, माउंटबॅटन, गांधीजींची अंत्ययात्रा यांचा उल्लेख होतो. त्या मनगटाचा आणि मानेचा उल्लेखही करायला हवा.

कातड्याकडून नवारीकडे

१९५९ साली निकॉन एफ आला आणि आरशाच्या एसएलआर कॅमेऱ्यांचा काळ सुरू झाला. भिंगं बदलता येत होतीच, आता ती लांब आणि जड होऊ लागली. व्हिएतनाम युद्धाच्या काळातल्या फोटोग्राफरांचे फोटो पाहिले तर एकेकाच्या अंगावर दोन-तीन कॅमेरे दिसतात : एक गळ्यात, एकेक दोन्ही खांद्यांवर. बोर्नचे हमाल गेले होते, पण त्यांचं ओझं हळूहळू फोटोग्राफरच्या अंगावर परत येत होतं. आणि पट्टा अजून बोटभरच रुंद होता.

हा बदल झेपवायला कातडं पुरेसं नव्हतं. चांगलं कातडं चिवट असतं यात शंका नाही. कोल्हापुरी चपलेसाठी हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं वर्षानुवर्षं टिकतं, हे आपल्याला ठाऊक आहे. पण कातड्याला घाम आणि दमट हवा सोसत नाही. कोकणातल्या एका पावसाळ्यात कपाटातला पट्टा पांढरट बुरशीने भरतो. वाळला की त्याला भेगा पडतात आणि भेग पडते ती नेमकी बक्कलाच्या भोकापाशी, जिथे ताण सगळ्यात जास्त असतो.

१९३८ साली ड्यूपाँट कंपनीने नायलॉन जाहीर केलं. दुसऱ्या महायुद्धात त्याची हवाई छत्रीसाठी मागणी झाली आणि युद्धानंतर त्याच्या विणलेल्या पट्ट्या सर्वत्र दिसू लागल्या. आज कॅमेऱ्याचा पट्टा म्हणजे नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची नवार. खाटेची नवार आणि ही नवार यांची वीण एकाच कुळातली. मोटारीचा सीटबेल्ट तिचा थोरला भाऊ. नायलॉन थोडं ताणलं जातं, भिजलं की आणखी थोडं सैलावतं. पॉलिएस्टर कमी ताणलं जातं आणि उन्हालाही जास्त दाद देत नाही. माणसाला उचलू शकेल इतकी ताकद दोन्हींत असते. दोन किलोच्या कॅमेऱ्याने ही पट्टी मधोमध तुटणं जवळपास अशक्य.

१९७०च्या दशकात गिटारच्या पट्ट्यांसारखे रंगीत विणकामाचे रुंद पट्टे कॅमेऱ्याला लागले. ते हौसेपोटी आले असले तरी त्यांच्या रुंदीमुळे मानेला पहिल्यांदाच थोडा आराम मिळाला. मग कॅमेऱ्याच्या कंपन्यांनी स्वतःचं नाव मोठ्या अक्षरांत छापलेले पट्टे द्यायला सुरुवात केली. ग्राहकाच्या गळ्यातली ही फुकटची जाहिरात. असे पट्टे बहुतेक बऱ्यापैकी टिकाऊ असतात, पण ते हलका कॅमेरा आणि छोटं भिंग डोळ्यांपुढे ठेवून बनवलेले असतात. पुढे माणूस जड भिंग घेतो, पट्टा मात्र तोच ठेवतो. मानदुखीची सुरुवात बहुधा इथे होते.

तुटतं कुठे?

टिकाऊपणाचा सगळ्यात चांगला धडा पृथ्वीबाहेरून मिळतो. जुलै १९६६मध्ये जेमिनी १० यानातून बाहेर पडलेल्या मायकेल कॉलिन्सचा हॅसलब्लाड कॅमेरा सुटून अवकाशात निघून गेला. त्यामुळे त्याच्या अवकाशातल्या त्या फेरीचे फोटोच राहिले नाहीत. तीन वर्षांनी चंद्रावर उतरताना कॅमेऱ्यासाठी पट्ट्याचा विचार नव्हता. हॅसलब्लाड छातीवरच्या कंसात घट्ट बसवायचा, शरीर वळवून नेम धरायचा. तरीही अपघात संपले नाहीत. डिसेंबर २००६मध्ये अवकाश स्थानकाच्या सौर पंखांवर काम करताना सुनीता विल्यम्स यांचा कॅमेराही सुटून अवकाशात वाहत गेला. जगातले सगळ्यात काळजीपूर्वक बनवलेले साज, तरी सुटतं ते सांध्यालाच.

आपल्या पट्ट्यांचंही तसंच. पट्टी तुटत नाही. निसटते ती कडी, उसवते ती शिवण, घसरतं ते बक्कल. कॅमेऱ्याच्या कानातली गोल कडी किल्लीच्या कडीसारखी असते. ती उघडली जाऊ शकते किंवा तिच्या घर्षणाने पट्टीची दोरी झिजते. प्लॅस्टिकच्या बक्कलातून टोक परत मागे ओवलं नाही, तर वजनाने ते इंचइंच सरकतं. कॅमेऱ्याच्या तळाच्या, तिवईसाठीच्या स्क्रूला पट्टा लावला तर चालताना होणाऱ्या झोक्यांनी स्क्रूचे आटे हळूहळू सैल होतात.

२०१८ साली पीक डिझाइन या अमेरिकी कंपनीने पट्ट्याची जोडणी करणाऱ्या आपल्या जुन्या दोरीच्या 'अँकर' परत मागवल्या. ९० किलो वजन सोसण्याची क्षमता सांगितलेल्या या दोऱ्या ठराविक वापरात अपेक्षेपेक्षा लवकर झिजत होत्या. यातून दोन गोष्टी कळतात. एक, नव्या दोरीची ताकद आणि रोज घासल्या जाणाऱ्या दोरीची ताकद या वेगळ्या. दुसरी, झिजणं टाळता येत नसेल तर ते दिसलं पाहिजे. म्हणून चांगल्या दोरीच्या आत वेगळ्या रंगाचा थर विणलेला असतो. तो डोकावला की दोरी बदलायची वेळ झाली. टिकाऊ म्हणजे कधीच न तुटणारं, अशी आपली समजूत असते. तुटण्याआधी सांगणारी वस्तू व्यवहारात जास्त टिकाऊ ठरते.

चुंबळीचं गणित

आता आरामाकडे. दोन किलोचा कॅमेरा एक सेंटिमीटर रुंद पट्ट्याने मानेवर आहे आणि पट्टा एकूण वीस सेंटिमीटर त्वचेला टेकतोय असं धरू. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर शंभर ग्रॅम येतात. पट्टा चार सेंटिमीटर रुंद केला की पंचवीस. हे झालं चुंबळीचं गणित. पण चुंबळ डोक्यावरचा हंडा हलका करत नाही, फक्त टोचू देत नाही. कॅमेरा गळ्यात समोर लटकत असेल तर रुंद पट्ट्यानेही मान पुढे ओढली जाते आणि मानेच्या मागचे स्नायू दिवसभर तिला मागे खेचत राहतात. त्वचेची तक्रार लगेच कळते, स्नायूंची रात्री झोपताना.

निओप्रीन या रबरासारख्या पदार्थाची गादी पट्ट्याला आली ती याच तक्रारीवरचा उपाय म्हणून. ती थोडी ताणली जाते, त्यामुळे चालताना बसणारे हिसके सौम्य होतात आणि तेवढाच कॅमेरा हलका वाटतो. पण गादी फार ताणली जाणारी असेल तर जड भिंग प्रत्येक पावलागणिक खालीवर नाचतं.

खरा फरक पडतो तो वजन मानेवरून काढण्याने. पट्टा एका खांद्यावरून तिरपा दुसऱ्या कमरेपर्यंत घेतला की वजन खांदा, पाठ आणि छाती यांत विभागलं जातं आणि मान मोकळी राहते. २००० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ब्लॅकरॅपिडसारख्या कंपन्यांनी हे तिरपे पट्टे लोकप्रिय केले, तेव्हा ते नवं वाटलं. पण सरकारी कचेरीतला पट्टेवाला, टपालवाला, कातडी बॅग अडकवलेला एसटीचा कंडक्टर हे सगळे आपला पट्टा असाच तिरपा घेत आलेत. दिवसभर उभं राहून, चालून, हात मोकळे ठेवून काम करणाऱ्यांनी शोधलेली ही पद्धत. फोटोग्राफर उशिरा त्यांच्यात सामील झाले.

आणि आता लग्नातला फोटोग्राफर पाहा. हळदीपासून वरातीपर्यंत बारा-चौदा तास, दोन कॅमेरे, एकाला लांब भिंग, एकाला रुंद. दोन्ही मिळून चार किलोच्या आसपास. त्याच्या पाठीवर इंग्रजी एक्सच्या आकाराचा साज असतो आणि दोन्ही बाजूंना कॅमेरे लटकतात. समोरून पाहिलं तर ती कावडच. वजन दोन्हीकडे सारखं, म्हणून मणका सरळ राहतो. बोर्नच्या हमालाचं आणि या तरुणाचं काम वेगळं, पण शरीराचा हिशेब तोच. फरक इतकाच, की साज कुठला घ्यायचा हे तो स्वतः ठरवू शकतो, आणि त्याने ते नीट ठरवायला हवं. पाठ गेली तर धंदा जातो.

निवड

या इतिहासातून निवडीचे नियम आपोआप निघतात. आधी कॅमेरा, नेहमीचं भिंग आणि बॅटरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन बघा. पाऊण किलोच्या आत असेल तर साधा, दोन-अडीच सेंटिमीटर रुंद, गुळगुळीत पट्टा पुरे. उगाच गादीचा घेतला तर तो कॅमेऱ्यापेक्षा मोठा होतो आणि पिशवीत मावत नाही. दीड किलोच्या पुढे असेल तर तिरपा घ्या आणि किमान चार सेंटिमीटर रुंद. दोन कॅमेरे घेऊन दिवसभर काम असेल तर साज. तिवईच्या स्क्रूला लावायचा पट्टा असेल तर कॅमेऱ्याच्या कानालाही सुरक्षेची एक छोटी दोरी जोडा.

कापड पाहण्याआधी टोकं पाहा. शिवण आडवी, दाट आणि दुहेरी आहे का? गोल कडी हाताच्या नखाने उघडते का? कडी आणि कॅमेऱ्याचं अंग यांमध्ये ओरखडे टाळणारी चकती आहे का? मग पट्टा अडकवा, कॅमेऱ्याइतक्याच वजनाची भरलेली पाण्याची बाटली लावा आणि घरात अर्धा तास फिरा. दुकानातल्या दोन मिनिटांत सगळेच पट्टे आरामदायक असतात. आपल्याकडच्या हवेत कातडं घ्यायचं असेल तर पावसाळ्यात ते उघड्यावर वाळवण्याची तयारी ठेवा. नसेल तर पॉलिएस्टरची नवार घ्या. आणि दर दिवाळीला घराची साफसफाई होते तेव्हा दोन मिनिटं पट्ट्याच्या चारही सांध्यांना द्या.

हिमालयात फोटो काढायला जाणाऱ्यांच्या तुकडीत आजही पुढे पट्टा अडकवलेला फोटोग्राफर असतो आणि मागे त्याची मोठी बॅग पाठीवर घेतलेला कुणी स्थानिक. आपल्या पट्ट्याच्या आरामाबद्दल आपण चार रात्री वाचत बसतो. त्या बॅगेचे पट्टे मागच्या माणसाच्या खांद्यात किती रुततात, हेही एकदा हात घालून बघावं. आणि काट्यावरचा आकडा फारच मोठा आला, तर पट्टा बदलण्याआधी बार्नाकचा उपाय करून पाहावा : दुसरं भिंग घरी ठेवावं.